एनॉकआजोबांचा हातोडा आणि ऑलिव्हचे हातमोजे

शेफील्ड, वॉक्लीचा चढ
एप्रिलअखेर, १९७४

अ‍ॅडाताईस पाठच्या थर्झाचा नमस्कार. हॅरॉल्डभावोजींनाही सांग. (कानातलं यंत्र लावलेलं असेल तर मोठ्याने सांग, नसेल तर राहू दे, मागच्या वेळी त्यांना वाटलं कोणी तरी वारलं.)

तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझे आहेत तसेच आहेत, म्हणजे चढ चढताना नाहीत आणि उतरताना फार आहेत. तू ब्रिडलिंग्टनला समुद्राच्या तोंडावर राहतेस, सकाळी पडदा सारला की पाणी दिसतं असं लिहिलं होतंस. छान झालं. माझ्या खिडकीतून काय दिसतं ते तुला ठाऊक आहे. समोरच्या ऑलिव्ह क्रेसविकचं घर दिसतं, आणि ते बघून बघून माझ्या डोळ्यांना जो त्रास झालाय त्याला समुद्राची हवासुद्धा पुरणार नाही. मी काही तुझ्या समुद्राचा हेवा करत नाही हो. एवढंच म्हणते, की देवाने दोन बहिणींना दोन खिडक्या दिल्या आणि एकीला मोठी दिली.

आता ऑलिव्हचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. या गल्लीत कपडे धुण्याचं यंत्र पहिलं तिच्याकडे आलं. घरातल्या घरात संडास पहिला तिच्याकडे झाला, आणि तो झाला तेव्हा बाईने आम्हांला चहाला बोलावून तो दाखवला. आम्ही पाचसहा बायका कपबशी हातात घेऊन रांगेने बघून आलो. तिचा रॉडनी बँकेत आहे. माझा लेन लॉरी चालवतो. आणि ताई, हातमोजे! बारा महिने तेरा काळ हातमोजे. चॅपेलला पांढरे, बाजाराला तपकिरी, दोरीवर कपडे घालताना रबरी. चहाबरोबर बिस्कीटसुद्धा हातमोजा घालून उचलते, जणू राणीच्या पंगतीला बसलीय. मी एकदा तिच्या तोंडावर म्हटलं, "ऑलिव्ह, बये, आंघोळीला तरी काढतेस ना ते?" तर नुसती हसली. हसते तेही ओठ मिटून.

गेल्या हिवाळ्यात तिच्या रॉडनीने तिच्या नवऱ्याचा वंश शोधून काढला. सोनेरी चौकटीत घालून चुलीवरच्या भिंतीला टांगलाय. क्रेसविक म्हणे दोनशे वर्षांपूर्वीपासून चाकू करणारे, पात्यावर स्वतःचा छाप मारायचा हक्क असलेले. छाप म्हणजे एक बदाम आणि त्यातून गेलेला बाण. झालं! बाईने तो बदाम उशीच्या अभ्र्यांवर भरला, रुमालांवर भरला, आणि चॅपेलच्या जेवणाला डुकराचा भाजलेला पाय आणला त्याच्या कडक कवचावरसुद्धा सुरीने तोच बदाम काढला. "आमची जुनी निशाणी," म्हणाली. मी तो पाय खाल्ला नाही. (दोन तुकडे खाल्ले, पण बदामाचा भाग सोडून.)

हे सगळं मी गिळलं असतं. पण फेब्रुवारीत आपल्या धर्मगुरूंनी, म्हणजे त्या पोरसवदा मिस्टर प्लॅटांनी, जाहीर केलं की चॅपेलला शंभर वर्षं होतायत, त्यानिमित्त जुन्या धंद्यांचं प्रदर्शन भरवू. ज्या घराची वस्तू सगळ्यांत चांगली ठरेल ती काचेच्या कपाटात कायमची राहील आणि खाली पितळी पाटीवर घराण्याचं नाव. तुला ते कपाट आठवत असेल, आपल्या लहानपणापासून त्यात आफ्रिकेतल्या कुठल्याशा पाद्र्याने पाठवलेली पेंढा भरलेली घोरपड आहे. तिचं शेपूट गळून पडलंय. आपण लहान असताना प्रार्थनेत डोळे मिटायचे सोडून तिच्याकडे बघत बसायचो. त्या जागी ऑलिव्हच्या सासरचे चाकू येणार आणि मी उरलेले रविवार त्या बदामाकडे बघत बसणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी रात्रभर कूस बदलत राहिले. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं. आपल्यालाही एक आजोबा होते.

तुला आजोबा माझ्यापेक्षा जास्त आठवतील, तू मोठी. मला एवढंच आठवतं, की परसातल्या खोपटात खिडकीखाली बसलेला माणूस, पुढ्यात शिशाचा ठोकळा, त्यावर कानस, कानशीवरून खाली घेतलेला चामड्याचा पट्टा आणि त्या पट्ट्यात अडकवलेले दोन्ही पाय. डाव्या हातात छिन्नी, उजव्यात तो वाकड्या दांड्याचा हातोडा. टक टक टक, एकेका ठोक्याला कानशीचा एकेक दात. जेवायच्या आधी आजी त्यांना हात घासून धुवायला लावायची, शिसं पोटात जातं म्हणून. शेवटी गेलंच. आठवडाभर मान वर न करता राबायचे, फक्त सोमवारी नाही. सोमवार म्हणजे तेव्हा धंद्यातल्या सगळ्यांचा संत, त्याची सुट्टी पाळल्याशिवाय कोणी छिन्नीला हात लावायचं नाही, आणि सुट्टी म्हणजे दारूचा गुत्ता. मंगळवारी तयार माल पोचवायला जायचे. आजीला बिचारीला सोमवारचं फार लागायचं, कारण आजोबांनी चॅपेलमध्ये दारू न पिण्याची शपथ घेतलेली. दर सोमवारी ती गुडघ्यांवर बसून त्यांच्या दारूसाठी प्रार्थना करायची. तुलाही बसवायची, मलाही.

आणि तो हातोडा. ते गेले आणि हातोडाही गेला. ठोकळा घरात राहिला, पट्टा राहिला, हातोडा नाही. बाबा म्हणाले, जेबेझने नेला आणि दारूपायी विकला. त्यानंतर जेबेझकाकाशी आपल्या घरातलं कोणी तो मरेपर्यंत बोललं नाही. मी त्याच्या प्रेताच्या मागेसुद्धा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालले.

आजोबांच्या अंगठ्याचं तुला सांगायला नको, तुझ्या हातालाही तोच चिकटलाय. मागे वळलेला, दाराच्या कडीसारखा. शाळेत त्या टेलरबाईने माझ्या त्याच अंगठ्यावर पट्टी मारली, लेखणी नीट धर म्हणून, आणि मी शाळाच सोडली. आज मी अशी लिहिते त्याला ती टेलरबाई जबाबदार आहे.

तर शोध. नात जॅनिसला घेऊन मी मोठ्या वाचनालयात गेले. तिथे जुनी नोंदणी कागदावर ठेवतच नाहीत, फितीवर ठेवतात, आणि ती फीत एका यंत्रात घालून फिरवायची. यंत्राला एक मूठ आहे. जॅनिस म्हणाली, "आजी, हळू फिरव." मी हळूच फिरवत होते, पण त्या यंत्राच्या मनात वेगळंच होतं. सगळे मेलेले लोक झरझर डोळ्यांपुढून धावायला लागले, एकामागून एक, गाडीतून दिसतात तसे, आणि मला असं गरगरलं की सकाळचा नाश्ता वर यायच्या बेतात. तिथल्या चष्मेवाल्या बाईने पाणी आणून दिलं आणि तीन एनॉक शर्टक्लिफ काढून दिले. एक तीन वर्षांचा असताना गेलेला, एक बदकं चोरून तुरुंगात गेलेला आणि एक कानशी कापणारा. मी म्हटलं, "याहून जरा बरा नाही का एखादा? छाप-बिप असलेला?" ती म्हणाली, "बाई, हे काही भाजीचं दुकान नाही." मी म्हटलं, "तेच बरं असतं, तिथे निदान दाबून बघता येतं." जॅनिस मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. हल्ली ती मला कुठे नेत नाही.

मग म्हटलं, कबरीवर जाऊन बघावं, दगडावर काही तरी मोठं लिहिलेलं असेल. ताई, दगडावर काही नाही, नाव आणि 'प्रभूच्या ठायी निद्रिस्त', बस. पण दगडापुढे फुलं! जॅमच्या बरणीत पिवळी डॅफोडिल, आणि तिच्या शेजारी दुधाच्या बाटलीत रानातली प्रिमरोज. दोन्ही ताजी. आता मी गेल्या कित्येक वर्षांत तिथे फूल ठेवलेलं नाही, लेनला कबर कुठे आहे ते माहीत नाही, म्हणजे उरलीस तू. मला वाटलं, तू कोणाला तरी पैसे देऊन फुलं ठेवायला लावतेस आणि मला सांगतसुद्धा नाहीस, म्हणजे आजोबा एकटीचेच! ईस्टरला तुला कार्ड आलं नाही ना, त्याचं कारण हे. दोन दोन गुच्छ, वर आणि समुद्र. मी रागाने बरणी उचलून शेजारच्या कबरीवर ठेवली. मग शेजारचा तो होल्ड्सवर्थ खाटीक निघाला, मापात मारायचा, म्हणून परत आणून ठेवली.

शेवटचा उपाय म्हणजे सेथ डंगवर्थ. आठवतो का, खालच्या आवारातला, आजोबांच्या शेजारी बसून कानशी कापायचा, तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं आणि आता केस उरलेले नाहीत. वृद्धांच्या घरात असतो. बहिरा, हावरा आणि गावाच्या सगळ्या भानगडींचं कोठार. त्याला खूश करायला मी घरी केलेली काकवीची टॉफी नेली. तिथेच चुकलं. त्याने मोठा तुकडा तोंडात टाकला, वरची कवळी खालच्या कवळीला चिकटली, आणि त्यानंतर तासभर मी विचारत राहिले आणि तो नाकाने गुणगुणत राहिला. शेवटी मी वैतागून त्याच्या नाकापुढे अंगठा नाचवला, की बाबा रे, या अंगठ्याचा आजोबा सांग. तर म्हातारा अंगठा बघून असा हसायला लागला, असा हसायला लागला, की परिचारिकेला वाटलं त्याला झटका आला. मला हाकलून दिलं. टॉफीही ठेवून घेतली.

म्हणजे हाताशी काय उरलं, तर शिशाचा ठोकळा. इतकी वर्षं कोळशाच्या खोलीचं दार अडवून ठेवायला वापरला. त्यावर आजोबांच्या कानशींच्या खुणा अजून आहेत. ठोकळा तर ठोकळा. पण तो उचलून चढाखाली चॅपेलपर्यंत न्यायचा कसा? जॅनिसच्या बाळाची बाबागाडी घेतली, ठोकळ्याला दुपट्यात गुंडाळला (ओरखडे जाऊ नयेत म्हणून), वर झालर असलेली चादर घातली आणि निघाले. वॉक्लीचा चढ कसा आहे तुला माहीत आहे, चढणाऱ्याला चढ आणि शिशाला उतार. कोपऱ्यावर मी क्षणभर टोपी सारखी करायला हात सोडला. ताई, गाडी जी सुटली! मी ओरडले, "धरा, धरा, माझ्या आजोबांचं आहे ते!" पण ते कोण ऐकतंय? सगळ्या गल्लीला फक्त बाबागाडी दिसली. बायका किंचाळल्या, एकीने तोंडावर एप्रन घेतला, आणि पाववाल्याने आपली गाडी तशीच टाकून मध्ये उडी घेतली आणि बाळाला वाचवायला दोन्ही हातांनी दुपटं छातीशी ओढलं. बिचारा तसाच खाली बसला. म्हणाला, "बाई, या पोराला काय खायला घालता?" त्याच्या मनगटाचा सांधा अजून दुखतोय म्हणतात. आणि हे सगळं बघत समोरच्या पायरीवर कोण उभी होती? पांढरे हातमोजे घालून, ओठ मिटून हसत?

चॅपेलच्या खोलीत टेबलं मांडलेली. ऑलिव्हचे चाकू मखमलीवर, पंख्यासारखे पसरून, मागे वंशाची चौकट. माझा ठोकळा दुपट्यावर. मिस्टर प्लॅट येऊन म्हणाले, "वा, वा, मिसेस बॅगशॉ, हा... दगड आहे का?" मला वाटलं तोच उचलून त्यांच्या पायावर सोडावा. आणि तेवढ्यात माझी नजर चाकूंच्या शेजारी गेली. एका रुमालावर हातोडा. छोट्या डोक्याचा, आत वाकलेल्या दांड्याचा, आणि दांड्याला झिजून झिजून पडलेला खड्डा.

मी काही विचार केला नाही. उचलला. अंगठा खड्ड्यात जाऊन बसला, ताई, असा बसला जसा चावीचा दात कुलपात. तिथे सरळ अंगठा बसूच शकत नाही, तिथे मागे वळलेलाच लागतो. मी भर खोलीत ओरडले, "चोर! हा माझ्या आजोबांचा हातोडा आहे! एनॉक शर्टक्लिफचा! तुझ्या घरी कसा आला, बोल, ऑलिव्ह क्रेसविक! जेबेझने कोणाला विकला, तुझ्या बापाला?" कपबशा थांबल्या. तिचा रॉडनी पुढे झाला, तर तिने त्याला हाताने मागे सारलं. पांढरी फटक पडली होती. म्हणाली, "ही माझ्या आईची वस्तू आहे, थर्झा. दे इकडे." आणि मी देत नाही असं बघून तिने उजवा हातमोजा काढला. एकेक बोट ओढून. आणि माझ्या हातातून दांडा घेऊन धरला.

मी तिचा अंगठा बघितला. मग माझा बघितला. मग परत तिचा. मिस्टर प्लॅटांनीसुद्धा दोन्ही बघितले.

कोपऱ्यात चाकांच्या खुर्चीत सेथला आणून बसवला होता, त्याला त्या दिवशी कोणी टॉफी दिली नव्हती. बहिरा माणूस, त्याला वाटतं सगळेच बहिरे. खोली दणाणेल असा बोलला, "अगं थर्झे, चोर कसली ती! ती एनॉकची नातच की! तू पण नात, ती पण नात! सोमवारी कुठे जायचा वाटलं तुम्हांला? दारू प्यायला? एनॉक? चॅपेलमध्ये शपथ घेतलेला माणूस! थेंबाला शिवला नाही तो कधी! नेदरथॉर्पच्या त्या सेलिनाकडे जायचा, हिच्या आजीकडे. सुट्टीच्या दिवशी बाई कोणाला विचारत नाही नवरा कुठे जातो म्हणून. आख्ख्या धंद्याला ठाऊक होतं!"

आख्ख्या धंद्याला ठाऊक होतं आणि आपण गुडघ्यांवर बसून दारूसाठी प्रार्थना करत होतो.

मी म्हटलं, ते जाऊ दे, हातोडा त्यांच्याकडे का? तेव्हा सेथने सांगितलं, की त्यांच्यात रीतच तशी होती. हातोडा कोणालाही द्यायचा नाही. दांड्यातल्या खड्ड्यात ज्याचा अंगठा बसेल त्यालाच, नाही तर मालकाबरोबर पुरायचा. आपल्या बाबांचा अंगठा त्यांच्या आईवर गेलेला, सरळ. जेबेझकाकाचाही सरळ. सेलिनाची मुलगी हेटी, म्हणजे ऑलिव्हची आई, तिचा बसला. ती चांगली कमावती पोर होती, घरी कानशी कापायची. शेवटच्या सोमवारी आजोबांनी स्वतःच्या हाताने तिला नेऊन दिला. मी विचारलं, "आणि माझा?" सेथ म्हणाला, "तुझा हात एवढासा होता, पोरी. कोण बघतंय एवढ्याशा पोरीचा अंगठा."

मी काही रडणाऱ्यातली नाही. पण एवढं सांगते, की थोडं थांबला असता म्हातारा, दोनचार वर्षं, तर बघितला असता. आपल्या घराला नाव दिलं, दगड दिला, रविवार दिला आणि शिशाचा ठोकळा दिला. त्यांना एक सोमवार दिला आणि हातोडा दिला. सौदा कोणाचा बरा झाला ते तूच ठरव. ऑलिव्हच्या यंत्राचा, संडासाचा, रॉडनीच्या बँकेचा मी इतकी वर्षं हेवा केला तो सगळा फुकट गेला. हेवा करायची वस्तू हीच होती, आणि ती रुमालात गुंडाळून तिच्या माळ्यावर पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ऑलिव्ह. हातात पार्किन, आल्याचा आणि काकवीचा केक. हात उघडे. मी आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात नीट बघितले, आपल्यासारखेच आहेत, फक्त कमी भांडी घासलेले. बसली आणि म्हणाली, "आई म्हणायची, अंगठा झाक, या भागात लोक विचारतात. का ते कधी सांगितलं नाही. फक्त दरवर्षी ईस्टरच्या आधी एका कबरीवर बरणीत डॅफोडिल ठेवायची आणि परत फिरायचं, वळून बघायचं नाही, एवढंच सांगितलं. मला वाटायचं कोणी उपकारकर्ता असेल." मग तिने मला विचारलं, "थर्झा, ते कसे होते गं? मी कधी बघितले नाहीत. माझ्या जन्माआधीच गेले." आणि ताई, तिच्या तोंडावर काय होतं सांगू? हेवा. माझा! मी त्यांना बघितलं होतं म्हणून! मी इतकी सुखावले की तिला खोपटातलं सगळं सांगितलं, काही न बघितलेलंही सांगितलं. (पार्किन जरा कोरडा होता.)

मिस्टर प्लॅट आता म्हणतात, घोरपड काढून कपाटात हातोडा आणि ठोकळा दोन्ही ठेवू, चाकू रॉडनीने घरी न्यावेत. पाटीवर पहिलं नाव कोणाचं यावर मी आणि ऑलिव्ह दोन दिवस बोललो नाही. शेवटी 'एनॉक शर्टक्लिफ यांचं घराणं' असं एकच नाव ठरलं. वर्तमानपत्राचा माणूस येऊन आमचा फोटो काढून गेला, दोघींनी एकच दांडा धरलेला, अंगठे पुढे. छापून आलाय. तिचा चेहरा जास्त मोठा आलाय.

आता संपवते. गुडघ्यांना बदकाची चरबी लाव, समुद्राला माझा नमस्कार सांग. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालले त्याबद्दल जेबेझकाकासाठी एक वेळ प्रार्थना कर, तुझी वर लवकर पोचते.

तुझी पाठची,
थर्झा

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. आजोबांचा तो चामड्याचा पट्टा, जो तू लग्नानंतर नेलास आणि ज्याने भावोजींची ट्रंक बांधून ठेवली आहेस, तो उलट टपाली पाठव. पट्ट्याशिवाय कानस ठोकळ्यावर राहतच नाही, मांडणी अर्धी वाटते. ट्रंकेला दोरी बांध.

ता. क. ऑलिव्ह इथेच शेजारी बसून हे वाचते आहे. ती म्हणते, बाबागाडी सुटली तेव्हा ती हसली नव्हती, घाबरली होती. आणि पार्किन कोरडा नव्हता. तिला वाचायला दिलं हीच चूक झाली.

ता. क. रविवार संध्याकाळ. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज चॅपेल सुटल्यावर कपाटापाशी एक बाई उभी. रॉदरहॅमची, फिलिस हेग म्हणून. वर्तमानपत्रातला फोटो बघून आलेली. पर्समधून तिने काय काढलं? छिन्नी. आपल्या आजोबांची. आणि छिन्नी धरली ती कशी, ते तुला सांगायला नको, त्याच अंगठ्याने. हसून म्हणाली, "आजीकडे ते मंगळवारी यायचे, माल पोचवून झाला की." बोलता बोलता कबरीवरच्या दुधाच्या बाटलीचंही सांगितलं, ती तिचीच. मिस्टर प्लॅटांना रडू फुटलं, त्यांना सगळ्याचंच फुटतं. म्हणाले, छिन्नीसुद्धा कपाटात ठेवू, मधोमध. मधोमध, ताई! मी ऑलिव्हकडे बघितलं, ऑलिव्हने माझ्याकडे. आम्हां दोघींना ती बाई मुळीच आवडली नाही. फार मिरवते. छिन्नी घासून चकचकीत करून आणलीय, जुनी वस्तू अशी घासतात का कधी? मंगळवारी चहाला येते म्हणाली, मंगळवारच बरा पडतो म्हणे त्यांच्या घराण्यात. ऑलिव्हने मला तिचे जुने पांढरे हातमोजे दिलेत. दोघी घालूनच बसणार आहोत. तू पट्टा मंगळवारच्या आत पाठव.